डावीकडे जाऊ नये म्हणावं

नाशिकरोड
७ मार्च १९८२

चि. लता, अक्काचा जयभीम.

तुझं कार्ड पोचलं. पोरांची गालगुंडं उतरली हे वाचून जीव भांड्यात पडला. आता माझी बातमी ऐक, आणि ऐकल्या ऐकल्या तुझ्या झुंबररावांना माझी समजूत घालायला पाठवू नकोस.

या मे महिन्यात मी काश्मीरला चालले आहे. आमचे भिकन गुरुजी दर सुट्टीत शिक्षकांची सहल काढतात, तिच्यात यंदा नाव घातलं. इतकी वर्षं पोरांना हिमनदी शिकवते, फळ्यावर खडूने काढून दाखवते, आणि स्वतः बघितलेलं पांढरं म्हणजे तुमच्या इगतपुरीचं धुकं. सोनमर्गला गाईड घेऊन दिवसभर बर्फावर चालवतात म्हणे. म्हटलं, एकदा तिच्यावर पाय ठेवून येऊ.

नाव घालून आले आणि मग कळलं, की पेठहून सावळीरामही येतोय.

गुरुजी बिचारे घाबरत घाबरत सांगायला आले. "यशोदाबाई, तुमचं नाव काढू का?" मी म्हटलं, का म्हणून? बहीण माझी गेली आणि घरीही मीच बसू?

तुला सगळं ठाऊक आहे, तरी लिहिते. लिहिलं की धार लागते. आपली सुला त्याच्या घरात सात महिन्यांची पोटुशी असताना तापाने फणफणली. पेठ म्हणजे काही परदेश नाही, पण त्याने मला कळवलं नाही. कळवलं ते सगळं संपल्यावर, एस.टी.च्या ड्रायव्हरच्या तोंडी. सावळघाटात दरड पडलेली. मी चिखलातून चालत घाट चढले आणि पोचले तेव्हा चिता विझू नये म्हणून माणसं वर पत्रे धरून उभी होती. आई गेल्यावर जिच्या वेण्या मी घातल्या, तिचं शेवटचं तोंड त्याने मला बघू दिलं नाही. मी त्याच्या दारात उभी राहून नाही नाही ते बोलले. त्याने काय केलं? पाठ फिरवली. वर्षाच्या आत दुसरी बायको आणली.

तेव्हापासून अकरा वर्षं आमचा अबोला. लग्नात, मयतीला, जयंतीला समोरासमोर येतो, पण मी बोलत नाही आणि तोही बोलत नाही. आता मला एवढंच हवंय, आधी त्याचं तोंड उघडलं पाहिजे. सुलाला मरताना माझ्यापासून का तोडली, हे त्याने चार माणसांत सांगितलं पाहिजे. ते ऐकल्याशिवाय मी त्याला सुखाने जगू देणार नाही. परका मुलुख, सगळीकडे डोंगर, पळून कुठे जाईल?

तुझा लोकरीचा स्वेटर पाठव. मे महिन्यात तुला नाही लागायचा.

तुझी,
अक्का


इगतपुरी
१५ मार्च १९८२

ती. अक्का, लताचा सप्रेम जयभीम.

स्वेटर पाठवते आहे. यांच्या रेल्वे शेडमधले एक जण शनिवारी नाशिकरोडला येतात, ते घरी आणून देतील. कोपरावर उसवला होता, तो विणून घेतला. सोबत कानटोपी आहे, ती यांची आहे. तू काश्मीरला जाणार म्हटल्यावर हे इतके खूश झाले की स्वतःच काढून दिली.

पण अक्का, खरं सांगू, माझ्या जिवाला घोर लागलाय. तुझे गुडघे दुखतात, रात्री झोप येत नाही, आणि त्यात त्या माणसाबरोबर पंधरा-वीस दिवस. कशाला जातेस? पुढच्या वर्षी आपण दोघी मिळून कुठंतरी जाऊ. बुद्धगयेला जाऊ.

आणि जायचंच असेल तर एक वचन दे. त्याच्याशी बोलायचं नाही. तो होऊन बोलायला आला तरी तोंड फिरव. अगं, असल्या माणसाच्या तोंडी काय लागायचं? अकरा वर्षांनी काहीबाही रचून सांगेल, कुणाच्याही नावावर ढकलेल. तू भोळी आहेस, चिडतेस पण विश्वासही पटकन ठेवतेस. अबोला आहे तोच बरा आहे.

मी तर तेव्हा त्याच्याच घरी होते ना, सुलाताईच्या मदतीला. माझ्या साखरपुड्यासाठी तुझ्याकडे यायला निघाले तेव्हा तो मला एस.टी. स्टँडपर्यंत पोचवायला आला होता. मी म्हटलं, ताईला ताप आहे, अक्काला पाठवून देऊ का? तर हसला. म्हणाला, साधा ताप आहे, अक्काला कशाला बोलवायचं, तुमचा साखरपुडा नीट पार पडू द्या. हे मी तुला तेव्हाही सांगितलं होतं. आपल्यात मुहूर्त बघत नाहीत म्हणून भर आषाढात कार्यक्रम धरला होता. मलाच मेलीला वाटतं, तो पुढं ढकलला असता तर. पण आता बोलून काय उपयोग.

जपून राहा. पत्र टाकत जा. श्रीनगरचा पत्ता कळव.

तुझीच,
लता


श्रीनगर
८ मे १९८२

चि. लता, जयभीम.

पोचलो. वरती हॉटेलचा पत्ता लिहिला आहे, इथे आम्ही अठरा तारखेपर्यंत आहोत. गारठा असा की सकाळी भांड्यातलं पाणी हाताला चावतं. तुझा स्वेटर रात्रीसुद्धा काढत नाही.

आता तुला हवी ती बातमी. बोलले नाही. पण लता, अबोल्यात एवढी गंमत असते हे मला ठाऊक नव्हतं.

झालं असं, जम्मूहून बसमध्ये बसलो, तर तो माझ्या पुढच्याच सीटवर. वारा सरळ माझ्या कानात. आता त्याला कसं सांगणार? मी शेजारच्या कुसाबाईंना म्हटलं, "खिडकी लावावी म्हणावं, वारा लागतो." मोठ्याने, हवेत, जसं आपण अबोल्यात बोलतो तसं. त्याने ऐकलं. मान ताठ केली आणि काच सताड उघडली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मग डोकं चालवलं. थोड्या वेळाने म्हटलं, "खिडकी उघडी आहे तेच बरं, जरा हवा तरी येते." लता, त्याने ती काच इतकी घट्ट लावली की पुढे कुणाला उघडेना.

तेव्हापासून तो माझ्या हातात आहे. मी म्हणते पुढे बसू नये, तो पुढे बसतो आणि ऊन खातो. रामबनला जेवायला थांबलो तर मी म्हटलं, "ही लाल चटणी कुणी खाऊ नये म्हणावं, लय जहाल दिसते." त्याने दोनदा मागून घेतली. पुढच्या घाटात बस त्याच्यासाठी तीनदा थांबवली. कुसाबाई पदर तोंडात कोंबून हसत होत्या. भिकन गुरुजी मला म्हणाले, बाई, आता पुरे करा. मी म्हटलं, मी काय केलं? मी तर त्यांच्या भल्याचंच सांगत होते.

हसले खरी, पण रात्री अंथरुणात पडले की सुलाच डोळ्यांपुढे येते. चटणीने माझं समाधान होत नाही. मला त्याचा शब्द हवाय.

येत्या शनिवारी सोनमर्ग. तिथून वर चालत हिमनदीवर जायचं, संध्याकाळी परत. गाईड येऊन भेटून गेला, गुलाम रसूल नावाचा. त्याने सांगितलं की वरच्या टप्प्यात सगळ्यांना एका दोराने कमरेला बांधणार. मी विचारलं, कुणामागे कोण? तो म्हणाला, ते मी माणूस बघून ठरवतो. पण लता, एका दोरात बांधल्यावर माणसाला पाठ फिरवून जाता येत नाही, एवढं मला कळतं.

तुझी,
अक्का


इगतपुरी
१२ मे १९८२

ती. अक्का, सप्रेम जयभीम.

तुझं पत्र आत्ता हातात पडलं आणि लगेच लिहायला बसले. हे पत्र शनिवारच्या आत पोचावं म्हणून स्टेशनवर जाऊन रेल्वेच्या टपालात, आर.एम.एस.मध्ये टाकते.

अक्का, तू त्या बर्फावर जाऊ नकोस. आणि इथं यांना बरं नाही. छातीत दुखतंय, डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलंय. मी एकटी, पोरं लहान. तू मिळेल त्या गाडीने निघून आलीस तर बरं होईल. हिमनदी काय, पुन्हा बघता येईल.

आणि चिडवू नकोस गं त्याला. चिडलेला माणूस वाटेल ते बोलतो. तू मला वचन दिलंयस.

वाट बघते.
लता


श्रीनगर
१६ मे १९८२

लता,

तुझं पत्र काल संध्याकाळी बर्फावरून उतरल्यावर हॉटेलात मिळालं. उशीर झाला.

मी सुखरूप आहे. सावळीरामही सुखरूप आहे, पायाला थोडा मार आहे. काय झालं ते भेटीत.

एका गोष्टीचं उत्तर मला नाशिकरोडच्या पत्त्यावर दे. मी पोचेन तेव्हा ते तिथे असावं. तुझ्या साखरपुड्याच्या आदल्या दिवशी तू पेठहून निघालीस, तेव्हा सावळीरामने तुला काय सांगून पाठवलं होतं? आठवून, नीट, होतं तसं लिही.

झुंबररावांनी काळजी घ्यावी.

यशोदा


इगतपुरी
२२ मे १९८२

ती. अक्का, सप्रेम जयभीम.

तुझं एवढंसं पत्र वाचून मी घाबरले. काय झालं बर्फावर? तू "अक्का" म्हणून सही केली नाहीस, असं तू कधी करत नाहीस.

तू विचारलंस ते मी आधीच लिहिलं आहे. सांगण्यासारखं काही नव्हतंच. मी निघाले तेव्हा तो घरातसुद्धा नव्हता, शाळेत गेला होता. मी एकटीच छत्री धरून स्टँडवर गेले. निरोप द्यायला माणूस तर हवं. सुलाताई पडूनच होती, पण चहा प्यायली, माझ्याशी हसून बोलली. मला म्हणाली, माझी पैठणी नेस साखरपुड्याला. एवढं चांगलं होतं तिचं, मला कसं कळणार?

तो काही बोलला का? बोलला असेल तर तुला एवढंच सांगते, त्याला त्याच्या मनाची टोचणी घालवायला कुणीतरी हवंय. सगळ्यात धाकटी कोण, तर मी. ज्या माणसाने तुला सुलाताईचं तोंड बघू दिलं नाही, त्याचं ऐकून तू माझ्यावर संशय घेणार का? तू मला आईच्या जागी आहेस.

यांची तब्येत आता सुधारते आहे. तू आलीस की आम्ही सगळे येऊ.

तुझीच लाडकी,
लता


नाशिकरोड
६ जून १९८२

श्री. झुंबरराव यांस, यशोदाबाईचा सप्रेम जयभीम.

हे पत्र तुमच्या नावाने आहे. ते मोठ्याने वाचावं, स्वयंपाकघरात ऐकू जाईल एवढ्या आवाजात. तिथे जे माणूस आहे त्यांच्याशी माझं बोलणं आजपासून बंद आहे. म्हणून सांगायचं ते तुमच्यामार्फत.

आधी तुमची तब्येत. तुमच्या छातीतलं दुखणं मला श्रीनगरला पत्रातून कळलं. मी परतले त्या दिवशी तुम्ही आपण होऊन स्टेशनवर आलात, माझी ट्रंक खांद्यावर टाकून पूल चढलात, आणि मी विचारलं तर तुम्हाला ते दुखणं माहीतच नव्हतं. तुम्ही भांबावलात, मी विषय बदलला. आता कळेल तुम्हाला.

त्या शनिवारी सकाळी आम्ही सोनमर्गहून निघालो. गमबूट, हातात लोखंडी टोकाची काठी, तुमची कानटोपी. हिमनदी माझ्या फळ्यावरच्यासारखी पांढरीशुभ्र नसते, झुंबरराव. वर धूळ, दगडगोटे, मळकट. भेगेत डोकावलं की मात्र निळी. आणि खालून सतत पाण्याचा आवाज. मी गाईडला विचारलं, तर म्हणाला, बर्फाच्या पोटात नाला वाहतो, वरचा थर कुठे जाड, कुठे पापडासारखा.

वरच्या टप्प्यात त्याने दोर बांधला. सगळ्यात पुढे भिकन गुरुजी, मग सावळीराम, मग मी, मागे कुसाबाई. माणूस बघून ठरवतो म्हणाला होता, त्याने चांगलंच बघितलं. त्याचा एकच नियम होता. वाऱ्यात ओरडलेलं कळत नाही, म्हणून तो जे सांगेल ते ज्याच्या कानावर पडेल त्याने पुढच्याला सांगायचं, पुढच्याने त्याच्या पुढच्याला. "बात बीच में नहीं रुकनी चाहिए," असं त्याने प्रत्येकाला बजावलं.

एका मोठ्या दगडापाशी कुसाबाईंना धाप लागली. गाईड त्यांच्यासाठी मागे आला. गुरुजी दगडाच्या उजवीकडून वळले होते, सावळीराम दगडाशी पोचला होता. गाईडने डाव्या बाजूला काठी खुपसली, ती मुठीपर्यंत आत गेली. तो मला म्हणाला, "आगे बोलो, बाएँ से कोई न जाए, नीचे खाली है, पानी है."

निरोप आता माझ्या तोंडी होता, आणि पुढे सावळीराम.

मी खोटं बोलणार नाही. मी निरोप दिला. पण कसा दिला ते त्यांना ऐकवावं. मी मागे वळून कुसाबाईंना म्हटलं, मोठ्याने, बसमध्ये म्हणत होते त्याच सुरात, "डावीकडे जाऊ नये म्हणावं." एवढंच. खाली पाणी आहे, हा तुकडा मी गिळला. सावळीरामची मान ताठ झालेली मी पाहिली. तो डावीकडे गेला. जाणार हे मला ठाऊक होतं.

बर्फ फुटल्याचा आवाजसुद्धा झाला नाही. माणूस होता आणि काखेपर्यंत आत गेला. दोराचा असा हिसका बसला की मी आपटले आणि त्याच्याकडे घसरत गेले. टाचा रोवल्या आणि दोर दोन्ही हातांनी धरला. गाईड ओरडला, कुणी ओढू नका, कडा तुटेल, नुसतं धरून ठेवा, मी खालून आधार देतो. तो पोटावर सरपटत पुढे निघाला. तेवढा वेळ सावळीरामचं तोंड माझ्यापासून हातभर अंतरावर होतं. अकरा वर्षांत मी ते एवढ्या जवळून बघितलं नव्हतं. म्हातारा झालाय.

तो म्हणाला, "अक्का, धरा."

त्याचा शब्द आला, झुंबरराव. आधी त्याचाच आला. मला आनंद झाला, असा आनंद की मला माझीच लाज वाटायला हवी होती, पण वाटली नाही. मी म्हटलं, "धरलंय. आता बोल. सुलाचं तोंड मला का बघू दिलं नाहीस? सांगितल्याशिवाय मी हात आवळणार नाही." आणि खरंच थोडा दोर सैल सोडला. पुढे भिकन गुरुजी दोर धरून रडवेले झाले होते, बाई, काय करताय, बाई.

त्याचे दात वाजत होते. तो जे बोलला ते जसंच्या तसं लिहिते. "मी निरोप पाठवला होता, अक्का. लताबरोबर. तिला स्टँडवर सोडायला गेलो तेव्हा हात जोडून सांगितलं, अक्काला म्हणावं, साखरपुडा राहू दे, आजच्या आज या, सुलाचं काही खरं नाही, ती तुमचंच नाव घेते. तुम्ही आला नाहीत. दोन दिवस आम्ही तुमची वाट बघितली, चिता पेटवायला माणसं थांबली नाहीत, पाऊस थांबत नव्हता. लता तुमच्याबरोबर आली तेव्हा मला बाजूला घेऊन म्हणाली, अक्का म्हणाल्या की आधी साखरपुडा, मग येते. तुम्ही दारात मला शिव्या दिल्यात. मी मनात म्हटलं, या बाईला काय उत्तर द्यायचं."

गाईडने तोवर काठी त्याच्या काखेखाली आडवी घातली होती. त्याने हाक दिली आणि मी ओढलं. कुसाबाई म्हणतात, मी एकटीने ओढलं. मला काही आठवत नाही.

खडकावर त्याला बसवलं, ओले कपडे काढून गाईडचं घोंगडं गुंडाळलं. तो आणि मी एकाच कपातून चहा प्यायलो. मी त्याला म्हटलं, माझ्याकडे लता आली ती हसत आली. म्हणाली, ताईला साधा ताप आहे, भाऊजी म्हणाले अक्काला कशाला बोलवायचं. तो म्हणाला, "म्हणजे तुम्हाला माहीतच नव्हतं?" मी म्हटलं, "नाही." आणि भर माणसांत आम्ही दोघं सुलासाठी रडलो, जसं तेव्हा दारात एकमेकांच्या गळ्यात पडून रडायला हवं होतं तसं. मग मी त्याला सांगितलं की खाली पाणी आहे हे मला ठाऊक होतं. तो म्हणाला, तुमच्या जागी मी असतो तर दोरसुद्धा धरला नसता. आमचा हिशेब तिथे मिटला.

तरी मी त्याच्या एकट्याच्या शब्दावर विसंबले नाही. म्हणून श्रीनगरहून एकच प्रश्न विचारला. त्यांची दोन्ही पत्रं माझ्यासमोर आहेत. मार्चमध्ये सावळीराम त्यांना स्टँडवर सोडायला आला होता आणि हसला होता. मे महिन्यात तो घरातसुद्धा नव्हता, शाळेत होता. मी वीस वर्षं पोरांचे पेपर तपासते, झुंबरराव. घाबरलेल्या पोराचं उत्तर मला वाचता येतं.

आता साखरपुड्याचा दिवस तुम्हीच आठवा. माझ्याच घरात झाला. पेढे मी वाटले. तुम्ही विचारलं होतं, मधल्या ताई दिसत नाहीत? त्यांनीच उत्तर दिलं, पावसाने घाट बंद आहे. घाट बंद झाला तो दुसऱ्या दिवशी. साखरपुड्याच्या दिवशी एस.टी. चालू होती. सुलाची पैठणी नेसून, सुलाचा निरोप पोटात घेऊन त्या पाटावर बसल्या होत्या. रेल्वेतला मुलगा हातचा जाईल, मयत-बियत झालं तर सगळं लांबेल, तुमच्याकडची माणसं फिरतील, ही भीती. एका दिवसाचा प्रश्न आहे, उद्या सांगू, असं त्यांनी मनाशी म्हटलं असणार. मला ते समजतं. एकोणीस वर्षांची पोर होती. पण नंतर अकरा वर्षं रोज सकाळी उठून त्यांनी तेच खोटं पुन्हा सांभाळलं. मी त्याला शिव्या देत होते तेव्हा त्या माझे डोळे पुसत होत्या. अबोला धर म्हणाल्या, अबोला सोडू नको म्हणाल्या. मी म्हणत होते, माझी लता किती माया करते.

झुंबरराव, तुमचा यात काडीचा दोष नाही. पोरं माझीच आहेत, सुट्टीत पाठवत जा. तुमची कानटोपी धुऊन ठेवली आहे. स्वेटरही ठेवला आहे, कुणी आणायला आलं तर देईन, मी घेऊन येणार नाही.

येत्या आषाढात सुलाच्या दिवशी सावळीराम आणि मी पेठला जाणार आहोत. त्याची बायको स्वयंपाक करणार आहे, चांगली बाई आहे, मी तिच्याशीही इतकी वर्षं बोलले नव्हते. तिथे तुमच्या घरातून कुणी यायचं असेल तर तुम्ही या.

त्यांना सांगावं, मला पत्र पाठवू नये. रडू नये. पाया पडायला येऊ नये. मी निरोप वाकडा दिला, पण दिला. त्यांनी दिलाच नाही.

आणि हेही विचारावं. ज्याचा काही गुन्हा नव्हता त्याच्याशी मी अकरा वर्षं बोलले नाही. ज्याचा आहे, त्याच्याशी किती वर्षं बोलू नये म्हणावं?

आपली,
यशोदाबाई